आधी काय शोधताय ते लिहा

तुमच्या मांडीवरची पिशवी पोलिसानं भर रस्त्यात उघडायला सांगितली, तर तुम्ही काय कराल? स्पिरिटचा वास आला की मला पाचोडच्या बाजाराला निघालेली ती गच्च भरलेली काळीपिवळी जीप आठवते. नाक्यावर सगळ्यांच्या पिशव्या उचकून हवालदार माझ्या शेजारच्या नर्सबाईंपाशी आला. पुढच्या वस्तीवर एक बाळंतीण अडली होती आणि तिच्यासाठी उकळून घेतलेलं सामान बाईंच्या स्पिरिटचा वास येणाऱ्या पिशवीत स्वच्छ फडक्यात बांधलेलं होतं. कुणाचा हात लागला की ते वाया जाणार होतं. "संशय कशाचा अन् शोधताय काय, ते आधी लिहा. साक्षीला दोन पंच बोलवा, मग उघडते," त्या शांतपणे म्हणाल्या. "वकील हायेत व्हय तुमी, बाई?" हवालदार हसला. "नाय. पण नाळ कापायच्या आधी मी बी हात धुते, साहेब. तुमच्या कामाला काही रीत हाय का नाय?" तापलेल्या टपाखाली लोक कुरकुरू लागले. "उघडा की, उशीर होतोय," असं मीसुद्धा म्हणालो, खिशात हक्कांची पत्रकं कोंबून हिंडणारा मी! हवालदारानं वही काढली, पेन उघडलं, पण लिहायला त्याला काही सुचेना. "जाऊ द्या गाडी," तो पुटपुटला. वस्तीवर बाई उतरल्या आणि बांधलेलं फडकं छातीशी धरून धावतच गेल्या. कायदा मी पत्रकांत वाचला होता. तो वापरताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. म्हणून तुम्हाला एकच विनंती आहे: शेजारच्या माणसानं असा प्रश्न विचारला, तर उशिराची कुरकुर करू नका, पंच म्हणून त्याच्या बाजूला खाली उतरा.