ती पडली त्या धुऱ्यावर

माझ्या घरवालीला रानडुकराने मारलं नाही. डुकरासाठी लावलेल्या करंटच्या तारेने मारलं. तार आमच्या शेताखालच्या बांधीवाल्याची. सकाळी तार काढायची असते, तो विसरला. अन् ती तिकडे कायले गेली होती? त्याच्याच धानाला पाणी सोडायला. आमची बांधी वर, त्याची खाली. आमचा धुरा, म्हणजे मधला बांध, फोडल्याशिवाय त्याला पाणी नाही. "त्याचा धान सुकून राहिला," म्हणाली अन् फावडं घेऊन गेली.

तो जमानतीवर सुटून आला. ती आली नाही.

ती म्हणायची, "चिखल तुडवल्याबिगर धानाचा रोवणा होत नाही. देवबी आपल्याले तसाच तुडवते, मंग नवा रोवते." मला तुडवून झालं. रोवणार कधी? दर सोमवारी नागऱ्याला जाऊन महादेवाला हेच विचारतो. म्हणतो, मले बदलव, पण पहिले त्याले बरबाद कर.

यंदा धान पोटरीत आला, लोंबी निघायची वेळ, अन् पाऊस गेला. माझी बांधी भरलेली होती, मी धुरा फोडला नाही. त्याच्या जमिनीला भेगा पडल्या त्या दिवशी मला चहा गोड लागला. खोटं कायले सांगू?

शेवटी तो आला.

"भाऊ, पाणी सोड ना. लेकरं काय खातील?"

"चप्पल काढ."

"काऊन?"

"काढ म्हणतो ना बे. ती पडली तिथून इथवर धुऱ्यावरून चाल. घाबरू नको, तार नाही. मी तुझ्यासारखा भुलक्कड नाही."

तो चालला. पाय टेकवायचा, उचलायचा, पुन्हा टेकवायचा. अर्ध्या वाटेत मटकन खाली बसला अन् दोन्ही हातांनी माती धरून रडायला लागला.

या घडीसाठी मी वर्षभर हसू सांभाळून ठेवलं होतं. ते आलंच नाही. देवाचा असा राग आला मला! एवढंही सुख तू ठेवलं नाही?

"माफी मागू नको, भेटणार नाही," मी त्याला सांगितलं. मग तिचंच फावडं घेतलं अन् धुरा फोडला. तिने काढलेलं काम होतं, पुरं केलं.

पुढच्या सोमवारी महादेवाला म्हटलं, फावडंभर मऊ केलं तू मले. बाकी अजून ढेकूळच आहे. तुडव.