विम्याचा ठराव आणि आईचा हात

आमच्या घरात आरोग्य विम्यावर जेवढी चर्चा झाली तेवढी विधानसभेतही झाली नसेल, आणि निष्पत्ती दोन्हीकडे साधारण सारखीच. विधानसभेत निदान भत्ता मिळतो. आमच्याकडे बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत मिळायचं, आणि ते रांधणारी आई चर्चेत कुठेच नसायची. हे लिहितेय ते तिच्यासाठी. ही चर्चा चालली त्या दोन वर्षांत ती आजारी होती, आणि आम्ही सगळे तिच्या देखत आरोग्यावर बोलत होतो.

आम्ही मखमलाबादकडचे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब, बांधाला मेथी-कोथिंबीर. वडील जुनी अकरावी शिकलेले होते आणि वर्तमानपत्र निविदा-सूचनांपर्यंत वाचायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. विम्याच्या धंद्यात खासगी कंपन्या येणार, सरकारी दवाखान्यात केसपेपरचे पैसे वाढणार, असल्या बातम्या रोज असायच्या. वडिलांना त्या वाचून जो आनंद व्हायचा तो चांगल्या पावसानंही होत नसे. विरोध करायला काहीतरी मिळालं की त्यांची तब्येत सुधारायची.

त्यांचं म्हणणं ठाम होतं. "विमा म्हणजे काय? पैज. कंपनी म्हणती तू आजारी पडणार नाय, तू म्हणतो पडणार. म्हंजे जिंकायचं तर आजारी पडाय पाहिजे. असली पैज कोण शहाणा लावतो?" मग दुसरा मुद्दा. एकदा सगळ्यांच्या खिशात विम्याचं कार्ड आलं की खासगी डॉक्टर फी वाढवणार, मग हप्ता वाढणार, आणि सरकार म्हणणार, आता आमच्या दवाखान्याची गरजच काय. पुढे काय काय झालं ते पाहता त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. यातली सगळ्यात वैतागाची गोष्ट तीच आहे. चुकीचं बोलणाऱ्या बापावर रागावणं सोपं असतं.

विरोधी पक्षात एकटा मामा, आईचा धाकटा भाऊ. तो एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होता आणि दर रविवारी स्कूटरवरून जेवायला यायचा. त्याच्या घरात कुणाला ठसका लागला तरी बिल नोकरीतून निघायचं. मामीचं पित्ताशय काढलं होतं ते एका गुळगुळीत फरशीच्या खासगी दवाखान्यात. परदेश फिरून आल्यासारखी ती त्याचं वर्णन करायची. टीव्ही, वेगळा संडास, स्वतंत्र खोली.

"आन खोलीला आतून कडी," मामी म्हणाली.

"आतून कडी?" आईनं विचारलं. दोन वर्षांच्या चर्चेतला तिचा हा एकमेव प्रश्न. कुणी लक्ष दिलं नाही, कारण तेवढ्यात वडील मामाला सांगत होते की, "मेव्हणे, तुमचं समदं फुकट चाललंय, तुम्ही आम्हाला विकत घ्यायला शिकवू नका." मामा म्हणायचा, "दाजी, तुम्हाला देव जरी भेटला ना, तरी तुम्ही त्याच्यावर हरकत घ्याल." मग दोघं एकमेकांना आग्रहानं भरीत वाढायचे.

हा वाद पुढे आमच्या सोसायटीत गेला. फुलं आणि भाजीपाला पिकवणाऱ्यांची ती सहकारी सोसायटी. तिच्यात एक रीत होती. प्रत्येक घरातून एक शेअर नवऱ्याच्या नावावर, एक बायकोच्या. त्यात स्त्रियांचा उद्धार वगैरे काही नव्हता. एका घराला दोन मतं पडायची आणि वार्षिक सभेला दोन भेटवस्तू मिळायच्या. भेटवस्तू नेहमी स्टीलची. आमच्या मांडणीवर सोसायटीचा सगळा इतिहास पराती आणि घागरींच्या रूपात ओळीनं उभा होता.

सभा मंगल कार्यालयात भरायची. पुरुष पुढे खुर्च्यांवर, बायका मागे सतरंजीवर. पुढे नवऱ्याचा हात वर गेला की मागे बायकोचा जायचा. कितीतरी जणी भाजी निवडता निवडता मत द्यायच्या. मी कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होते आणि जिलबीसाठी गेले होते, हे कबूल करते.

त्या वर्षी सचिवांनी ठराव मांडला की यंदा भेटवस्तू न देता ते पैसे आणि सभासदांची थोडी भर घालून सगळ्या कुटुंबांचा सामुदायिक आरोग्य विमा काढावा. 'भेटवस्तू न देता' एवढं ऐकूनच निम्मी सभा विरोधात गेली. मग टाय लावलेला एक विमावाला उभा राहिला. बिचाऱ्यानं सुरुवातच चुकीची केली. म्हणाला, "तुमच्यापैकी दर वर्षी कुणी ना कुणी आजारी पडणारच आहे." पहिल्या रांगेतले एक म्हातारे म्हणाले, "भाऊ, घट बसायचे दिवस आलेत. जरा शुभ बोल." मग त्यानं आजारांची यादी वाचली. गर्भाशयाचे विकार हे शब्द माईकमधून आले तेव्हा पुरुष पंख्याकडे बघायला लागले आणि बायकांनी पदर तोंडाशी घेतले. आई मात्र मान वर करून ऐकत होती.

नंतर वडील उठले. त्या दिवशी ते फार चांगलं बोलले. पैजेचा मुद्दा झाला, हप्त्याचा झाला. शेवटी म्हणाले, "सरकारी दवाखाना आपला हाय. आपल्या बापजाद्यांच्या करातून उभा राहिलाय. तिथं औषध नसंल तर भांडून आणू. डॉक्टर नसंल तर मोर्चा काढू. पण आपलं घर सोडून भाड्यानं राह्यला जायचं, ही कुठली सुधारणा?" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. टायवाल्यानं आपली बॅग मांडीवर घेतली.

सचिवांनी विरोधातले हात विचारले. पुढे रान उगवल्यासारखे हात आले, मागेही आले. मग रिवाज म्हणून बाजूनं कोण ते विचारलं. मागे सतरंजीवर एकच हात वर गेला. हिरव्या बांगड्या, बोटांना झेंडूचा पिवळा डाग. मी शेजारीच होते, त्यामुळे तो कुणाचा हे बघायची गरज नव्हती. मधल्या खांबामुळे व्यासपीठावरून फक्त हात दिसत असणार. वडील अजून माईकपाशीच होते. जिंकलेला माणूस जरा सैल सुटतो, तसे ते सुटले.

"मागं कुण्या ताईचा हात झोपेत वर गेलेला दिसतोय," ते म्हणाले. "असू द्या, तो बी आपल्यातच धरा."

सगळी सभा हसली. हात खाली आला. सचिवांनी वहीत लिहिलं, ठराव एकमतानं फेटाळण्यात आला. त्या वर्षी पितळी कडीचे दोन डबे मिळाले. वाटेत वडिलांनी एक स्वतः धरला होता आणि त्यावर ताल धरून ते भाषणातली वाक्यं पुन्हा म्हणत होते. आई दुसरा डबा घेऊन मागून येत होती.

दसऱ्याच्या आधीचे तीन-चार दिवस आमच्याकडे माणूस माणसाला ओळखत नाही. सगळा झेंडू एकदम तोडायचा असतो. त्यातल्या एका सकाळी आई वाफ्यात बसली ती उठलीच नाही. लुगड्याला मागून रक्त होतं. मी हाक मारली तर तिनं आधी पाटी नीट बाजूला सरकवली, फुलं चेंगरू नयेत म्हणून, आणि मग आडवी झाली.

फुलांच्याच टेम्पोत तिला घातलं. टेम्पो सरकारी दवाखान्याकडे वळला. त्यात वडिलांचं तत्त्व वगैरे नव्हतं. टेम्पोवाल्याला तोच रस्ता पाठ होता. वडिलांच्या तोंडून वाटभर शब्द फुटला नाही. मला त्यांची भीती वाटली, कारण गप्प बसलेले वडील मी कधी पाहिलेच नव्हते.

तिथं एक काटकुळी, चिडकी डॉक्टरीण होती. तिनं आईला विचारलं, "किती दिवस झाले असं अंगावरून जातंय?"

आईनं वडिलांकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "दोन वर्षं."

"दोन वर्षं? आणि हे कोण?"

"हे आमचे."

"यांना बोलता येतं का?" डॉक्टरणीनं विचारलं. आमच्या अख्ख्या पंचक्रोशीत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणाला पडला होता.

अंगात रक्त उरलंच नव्हतं. आधी रक्त द्या, मग ऑपरेशन, गर्भाची पिशवी काढावी लागेल, असं ठरलं. रक्ताच्या बदल्यात नातेवाइकांनी रक्त द्यायचं होतं. मामा एकलहऱ्याहून ड्युटी टाकून आला. दोघं शेजारशेजारच्या पलंगांवर दंडात सुया घेऊन पडले आणि तिथेही सुरू झाले. मामा म्हणाला, "दाजी, विमा असता तर..." वडील म्हणाले, "विमा काय रक्त देतो का?" नर्सनं दोघांना गप्प केलं. मामा पुढे आयुष्यभर म्हणत राहिला की दाजींची पिशवी आधी भरली, कारण ते तापलेले होते.

बायकांच्या वॉर्डात वीस खाटा आणि पडदा एक. चाकांचा, लोखंडी चौकटीचा, आणि त्याचं एक चाक तुटलेलं. तो नेहमी दुसऱ्याच कुणाच्या तरी खाटेशी अडलेला असायचा. डॉक्टरीण तपासायला आली की आई डोळे गच्च मिटून घ्यायची. पहिल्या दिवशी वडिलांनी हे दारातून पाहिलं. पुरुषांना आत यायला बंदी होती. त्यांनी सिस्टरला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. पण त्यांच्या सगळ्या भाषणांत ते सर्वांत छोटं होतं, आणि मला आवडलेलं तेवढंच एक. ते आत आले, घरून आणलेली चादर दोन्ही हातांनी उंच धरली आणि आईकडे पाठ करून उभे राहिले. तपासणी संपेपर्यंत. शेवटी त्यांचे दंड थरथरत होते. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी मजेत बघत होती. म्हणाली, "बाबा, दमला नसशील तर माझ्याकडं बी धर की जरा." त्यांनी तिच्याकडेही धरली. मग पुढचे पाच दिवस वडील त्या वॉर्डाचा पडदा होते. सिस्टर त्यांना हाक मारून बोलवायची.

ऑपरेशन चांगलं झालं. हे मुद्दाम लिहायला हवं. त्या चिडक्या डॉक्टरणीनं आईला वाचवलं, सरकारी पगारात. आई उशीला टेकून बसायला लागली तेव्हा एका दुपारी वडील खाटेच्या कडेला टेकले. मी तिच्या पायाशी बसून मोसंबी सोलत होते.

"सांगितलं का नाय तू?" त्यांनी विचारलं.

"काय सांगायचं," आई म्हणाली. मग सांगायला लागली. "आले होते एकदा हितं. भावजयीला घेऊन. हा एवढाच पडदा, तो बी दुसरीकडं. चार पोरं डॉक्टरकी शिकणारी उभी. तशीच परत गेले. मग वाटलं, विमा झाला तर कडीची खोली भेटंल."

"अगं, पण ज्याला आधीच दुखणं असतं त्याला ते पैसे देतच नाय. तो विमा असता तरी..." वडिलांचं वाक्य मध्येच तुटलं. त्यांचंच खरं होतं, आणि ते त्यांना नको झालं होतं.

"ते मला कुठं ठाऊक," आई म्हणाली. "मी आपला हात वर केला."

वडिलांना कळायला जरा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा असा झाला की मी मान खाली घातली. "ती तू होती?" त्यांनी विचारलं. आईनं मोसंबीची एक फोड उचलली. वडील चादरीच्या किनारीशी चाळा करत राहिले. मग जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाले, "मग खाली कशाला घेतला? धरून ठेवायचा ना. मी बघितलं असतं. खाली उतरून आलो असतो."

सभा हसली तेव्हा आमच्या पुढच्या ओळीत माझ्या कॉलेजातल्या दोघी बसल्या होत्या. त्या मागे वळून बघणार एवढ्यात मी आईचं कोपर दोन्ही हातांनी धरलं होतं आणि खाली ओढलं होतं. तिनं लगेच ऐकलं नव्हतं. मला जोर लावावा लागला होता.

आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"दुखायला लागला होता," ती म्हणाली.

"कुठला?"

तिनं उजवा हात पुढे केला. वडील तो मांडीवर घेऊन खांद्यापासून मनगटापर्यंत चेपायला लागले, जिथे काहीच दुखत नव्हतं तिथे, हळूहळू, सुई टोचलेली जागा सांभाळत. मी मोसंबी सोलत राहिले.