दुसरा ईनॉक

क्लिफर्ड सटक्लिफने चाळीस वर्षं यॉर्कशरच्या डोंगरांवर दगडी कुंपणं रचली. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं तो आपल्या पणजोबांचा, गिरणीत राबलेल्या ईनॉकचा, माग काढत होता. एका सकाळी दफनभूमीच्या जुन्या वहीत नोंद सापडली: ईनॉक सटक्लिफ, १८६१, वय दोन वर्षं, गोवर. आईबापांची नावं पणजोबांच्या आईबापांचीच.

"दोन वर्षांचा असताना गेला, मग तू कुणाचा रे?" बायको डोरीन हसली. "भलत्याच माणसाच्या मागे लागलास. सोड आता."

"कुंपण कललं की मी पायापर्यंत उतरवायचो. अर्ध्यात सोडलं नाही कधी."

त्याने बाप्तिस्म्याची वही घेतली आणि एकही ओळ न गाळता वाचत गेला. तीन तासांनी १८६३च्या पानावर त्याच आईबापांचा ईनॉक पुन्हा भेटला. गेलेल्या लेकराचं नाव पुढच्या मुलाला द्यायची तेव्हा रीतच होती.

"हाच आपला!" क्लिफर्ड म्हणाला.

"देव पावला. आता तरी जेवशील?"

"थांब जरा."

त्याने वंशावळीत पणजोबांच्या शेजारी पट्टीने आणखी एक चौकट आखली आणि त्यात लहान वयात गेलेल्या थोरल्या ईनॉकचं नाव सावकाश लिहिलं.