एकही लेखी तक्रार नाही

बायोडाटा म्हणजे काय हे मावशींना माहीत नव्हतं असं नाही. बोगद्याच्या कामावरच्या कॅम्पमध्ये अकरा वर्षं त्यांनी तीनशे कामगारांच्या खोल्या, चादरी, किल्ल्या आणि भांडणं सांभाळली. दुसऱ्यांचे बायोडाटे शेकड्यांनी हाताखालून गेले. स्वतःचा लिहायची वेळ आली तेव्हा मात्र गाडी दुसऱ्या ओळीवर अडली. कॅम्प सांभाळला. सगळं ठीक होतं. याच्या पुढे काय लिहायचं?

बोगदा पूर्ण झाला, कॅम्प मोडला आणि मावशी भावाच्या घरी सोफ्यावर झोपायला आल्या. भाऊ चांगला, वहिनी त्याहून चांगली. पण पाहुणी म्हणून किती दिवस काढणार? कॅम्पच्या नोकरीत स्वतःची खोली मिळते. मावशींना ती खोली हवी होती, अगदी मनापासून. दोन ओळींचा बायोडाटा चार ठिकाणी गेला. कुणी साधी पोचही दिली नाही.

शेवटी भाची लॅपटॉप घेऊन बसली. किती माणसं, किती खाटा, एका दिवसात किती खोल्या लावून दिल्या, असं खोदून खोदून विचारू लागली. मावशींच्या डोक्याचा पार भुगा झाला. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. घडू नये म्हणूनच तर त्या दिवसभर धावायच्या. तक्रारी किती आल्या, यावर त्यांनी चाचरत सांगितलं की तक्रारवही अकरा वर्षं कोरी राहिली. भाची खूश. तिने ठळक अक्षरांत लिहिलं: अकरा वर्षांत एकही लेखी तक्रार नाही. मावशी वाचून चाट पडल्या. ही कर्तबगार बाई कोण, असं त्यांना वाटलं.

त्या एका ओळीवर दुसऱ्या एका कॅम्पवरून बोलावणं आलं. मुलाखतीत तिथल्या साहेबांनीही नेमकं त्या ओळीवरच बोट ठेवलं. मावशींनी खरं ते सांगितलं: वही मागायला आलेल्याला बसवायचं, चहा द्यायचा, ऐकून घ्यायचं आणि त्याची खाट दुसऱ्या खोलीत हलवून टाकायची. लिहायची वेळच यायची नाही.

"इथे तसं चालणार नाही," साहेब म्हणाले. "नोंद नाही म्हणजे काम झालं नाही. आधी लिहून घ्यायचं, मग बघायचं."

नोकरी मिळाली. खोलीही मिळाली. दार आतून लावून मावशी पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी क्रेनवाला आला. खोलीतला जोडीदार घोरतो, चार दिवस डोळ्याला डोळा लागला नाही, दुसरी खोली मिळेल का, म्हणाला. मावशींचा हात किल्ल्यांकडे गेला आणि साहेब आठवले तसा मागे आला. त्यांनी वही पुढे सरकवली.

"आधी लिही बाबा."

त्याने वही परत सरकवली. जोडीदार त्याच्याच गावचा होता, त्याचं नाव कागदावर कसं घालायचं?

"राहू द्या मावशी," तो म्हणाला. "होईल सवय." आणि क्रेनवर चढायला निघून गेला.

आपलं बरोबर झालं की चुकलं, मावशींना कळेना. साहेबांना दोष द्यावा, तर जुन्या कॅम्पवरून असे किती जण न बोलताच परत गेले असतील, तेही कुठे लिहिलेलं नव्हतं. त्या फाटकापर्यंत धावत गेल्या, पण साइटची बस सुटली होती. परत येऊन त्यांनी वहीत पहिली तक्रार लिहिली: माणूस सांगायला आला होता, तसाच परत पाठवला. कुणाविरुद्ध, या रकान्यात स्वतःचं नाव घातलं. काय कार्यवाही केली, हा रकाना मात्र त्यांनी संध्याकाळी साइटची बस परत येईपर्यंत कोरा ठेवला.