गोटलोब आयपर्ले यांचा राहिलेला शनिवार

गोटलोब आयपर्ले आपल्या देशात परत आले तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते, आणि तो देश त्यांनी त्याआधी कधी पाहिलेला नव्हता.

त्यांचे आजोबा दक्षिण जर्मनीतल्या स्वाबियातून एका धार्मिक पंथाबरोबर पॅलेस्टाइनला जाऊन वसले होते. गोटलोब आणि त्यांचा धाकटा भाऊ इमानुएल जन्मले जाफाजवळच्या संत्र्यांच्या बागांत. घरात बोलली जाई ती मात्र अस्सल स्वाबी बोली. १९४१ साली इंग्रजांनी त्या वसाहतीतल्या शेकडो माणसांना शत्रुराष्ट्राची माणसं म्हणून जहाजात बसवलं आणि ऑस्ट्रेलियात तारेच्या कुंपणाआड नेऊन ठेवलं. युद्ध संपल्यावर कुंपण निघालं. दोघे भाऊ मेलबर्नला सुतारकाम करू लागले. १९४८च्या ऑक्टोबरात थोरला एकटाच जर्मनीला निघाला. धाकटा तिथंच राहिला.

एवढी हकिकत जर्मनीतल्या नेकारसुल्म गावात त्यांच्या कोणत्याही शेजाऱ्याला ठाऊक होती. त्यापुढची कळायला श्यामकांत आठल्येला दोन वर्षं लागली.

श्यामकांत सांगलीचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला. १९५९मध्ये तो नेकारसुल्मच्या मोटार कारखान्यात फाउंड्रीत लागला आणि पॅटर्न शॉपमध्ये लाकडी साचे करणाऱ्या आयपर्लेंच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहू लागला. घर द्राक्षमळ्यांच्या उतारावर होतं. सकाळी नदीवरचं धुकं वर चढत यायचं आणि मळ्याच्या रांगा एकेक करून पुसून टाकायचं. मग घर कुठल्या देशात आहे हे सांगता आलं नसतं.

जिन्यात एक लाकडी पाटी होती. तिच्यावर ‘केरवोखे’ लिहिलेलं, म्हणजे झाडण्याचा आठवडा. ज्याच्या दाराच्या खिळ्याला पाटी, त्यानं त्या आठवड्यात जिना, अंगण आणि घरापुढचा रस्ता झाडायचा. शनिवारी दुपारी झाडून झालं की पाटी दुसऱ्याच्या दारावर. घरात माणसं दोनच, तेव्हा पाटी वरून खाली आणि खालून वर फिरत राही. पहिल्याच आठवड्यात श्यामकांतनं शुक्रवारी संध्याकाळी झाडून पाटी खाली नेऊन लावली. पाच मिनिटांत ती परत आली.

“शनिवार म्हणजे शनिवार, हेर इंजिनिअर,” आयपर्ले म्हणाले. “झाडलंत छान. उद्या पुन्हा झाडा.”

१९६१च्या मार्चमध्ये कारखान्यातल्या दोन खात्यांची फुटबॉलची फायनल झाली. जादा वेळ खेळूनही बरोबरी सुटेना, तेव्हा रेफरीनं नाणं उडवलं आणि फाउंड्री हरली. रविवारी दुपारी मळ्याच्या बाकावर बसून श्यामकांतनं ही गंमत सांगितली. आयपर्लेंना फुटबॉलमध्ये रस असल्याचं त्यानं कधी पाहिलं नव्हतं, पण ते एकदम तडकले.

“नाणं? माणसं दोन तास धावली आणि निकाल नाण्याचा?”

“मग काय करायचं?”

“पुढच्या शनिवारी परत खेळायचं,” ते म्हणाले. मग त्यांनी ती हकिकत सांगितली. सांगताना ते श्यामकांतकडे पाहत नव्हते. समोरच्या उतारावर ते मैदान पसरलेलं असावं तसे तिकडे पाहत होते.

मेलबर्नचा फुटबॉल वेगळा. चेंडू अंड्यासारखा, मैदान लंबगोल, एका बाजूला अठरा माणसं. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला तर सहा गुण, कडेच्या खांबांतून गेला तर एक. गोटलोबना परत जायचं होतं, इमानुएलला राहायचं होतं. वर्षभर वाद झाला. शेवटी इमानुएलनं तोड काढली: यंदाच्या फायनलवर सोडू. काळ्या-लाल पट्ट्यांचं एसेंडन जिंकलं तर दोघांनी राहायचं. निळ्या-लाल मेलबर्न संघानं बाजी मारली तर दोघांनी जायचं. हात मिळवले.

“एसेंडनचा नेमच लागेना,” आयपर्ले म्हणाले. “सत्तावीसदा कडेच्या खांबांत मारला त्यांनी. मधून फक्त सातदा. मेलबर्नचे मधून दहा, कडेनं नऊ. करा हिशेब.”

श्यामकांतनं केला. एकोणसत्तर. एकोणसत्तर.

“घंटा झाली. ऐंशी हजारांवर माणसं, आणि आवाज नाही. कुणी टोपी उडवली नाही, कुणी रडलं नाही. खेळाडू मैदानात उभे, हात कुठे ठेवावेत ते कळेना त्यांना. माझा भाऊ माझ्याकडे पाहत होता आणि मी त्याच्याकडे. तिथला नियम साधा आहे: फायनल बरोबरीत सुटली तर पुढच्या शनिवारी पुन्हा. माझं जहाज गुरुवारी होतं.”

“आणि तुम्ही गेलात.”

“हो. मी म्हटलं, कुणीच जिंकलं नाही, तेव्हा ज्यानं त्यानं आपल्या वाटेनं जावं. तो म्हणाला, दोन दिवस थांब, शनिवार होऊ दे. मी थांबलो नाही.”

“शनिवारी कोण जिंकलं?”

“मला माहीत नाही. मी कुणाला विचारलेलं नाही आणि भावाला लिहू दिलेलं नाही. एसेंडन जिंकलं असेल तर मी शब्द मोडला. मेलबर्न जिंकलं असेल तर त्यानं मोडला, कारण त्यानं यायला हवं होतं. जोवर ठाऊक नाही तोवर आयपर्लेंच्या घरात खोटारडा कुणी नाही.”

मग खिशातून त्यांनी एक विमानाचं पत्र काढलं. इमानुएलनं लिहिलं होतं: बायको गेली. एप्रिलच्या जहाजानं येतो आहे. वीस मे, शनिवार, दुपारची तीन-चाळीसची गाडी. नको असेन तर आधी कळव.

“तेरा वर्षांनी येतोय,” आयपर्ले म्हणाले. “आला की पहिल्या तासात तो शनिवार सांगणार. तुमच्याकडे इंग्रजांचेच खेळ खेळतात ना? बरोबरीचं काय करतात?”

श्यामकांत क्रिकेटवर वाढला होता. त्यानं जराही विचार न करता सांगितलं, “काही नाही. बरोबरी म्हणजे बरोबरी. यंदाच्या हिवाळ्यात आम्ही पाकिस्तानशी पाच मॅच खेळलो. एकेक मॅच पाच दिवसांची. पाचही अनिर्णित.”

“पंचवीस दिवस? आणि कुणीच जिंकलं नाही?”

“त्याआधी त्यांच्याकडे जाऊन पाच खेळलो होतो. त्याही अनिर्णित.”

आयपर्ले इतके हसले की त्यांना बाकाची कड धरावी लागली. “आणि लोक?”

“चहा पिऊन घरी जातात.”

“शहाणे लोक,” ते डोळे पुसत म्हणाले. त्याच संध्याकाळी त्यांनी भावाला एका ओळीचं उत्तर लिहिलं: ये, पण शनिवारचं काही बोलायचं नाही. मागची रिकामी खोली त्यांनी चुन्यानं रंगवायला घेतली.

त्या वसंतात श्यामकांतला ते मैदान झोपेत दिसू लागलं. लंबगोल हिरवळ द्राक्षांच्या रांगांमधून उलगडत नेकार नदीपर्यंत उतरायची. हजारो टोप्या, सगळ्या करड्या, सगळ्या निश्चल. चेंडू हवेत जाऊन थांबलेला. तो कुणाच्याच हातात पडत नव्हता आणि त्यामुळे कुणाला घरी जाता येत नव्हतं. कधी कधी त्या गर्दीत त्याचे वडील असत, धोतर-कोट घालून, काखेत छत्री धरून. ते त्याला विचारत, “काय रे श्याम, संपली का?” तो म्हणे, “नाही अण्णा, अजून शनिवार आहे.”

स्वप्न नको म्हणून नव्हे, नुसत्या चौकसपणानं त्यानं ती गोष्ट स्टुटगार्टला सुधीर या मित्रापुढे काढली. सुधीर तिथल्या तांत्रिक विद्यापीठात डॉक्टरेट करत होता.

“म्हाताऱ्याची सासऱ्यासारखी काळजी करतोस की रे,” सुधीर म्हणाला. “मुलगीबिलगी आहे का घरात?”

“लग्नच केलेलं नाही त्यांनी.”

“मग वाया गेलास. चल, आमच्या लॅबमध्ये मेलबर्नचा एक गडी आहे. त्याला पाव दिला नाही तरी चालतं, फुटबॉल लागतो.”

त्या गड्याला आठवावं लागलं नाही. तेरा वर्षांचा असताना वडिलांच्या खांद्याआडून त्यानं दोन्ही मॅच पाहिल्या होत्या. “दुसऱ्या शनिवारी? मेलबर्न. एकतर्फी. अर्ध्यातच लोक उठायला लागले.”

परतीच्या गाडीत श्यामकांत खुशीत होता. मेलबर्न जिंकलं, म्हणजे दोघांनी जायचं ठरलं होतं, म्हणजे आयपर्लेंनी शब्द पाळला होता. तेरा वर्षं मनावर धोंडा घेऊन बसलेल्या माणसाला त्याच्या बाजूचा निकाल सांगायचा, यात वाईट काय? घरी पोचताच त्यानं तो सांगितला.

आयपर्लेंच्या हातात चुन्याचा कुंचला होता. तो त्यांनी बादलीत बुडवला आणि तिथंच राहू दिला.

“मी तुम्हाला विचारलं होतं?”

“नाही, पण तुम्ही बरोबर होतात. तुम्ही—”

“मी बरोबर होतो,” ते म्हणाले. “म्हणजे माझा भाऊ खोटारडा आहे. तेरा वर्षं मी त्याला त्यातून बाहेर ठेवला होता, हेर इंजिनिअर. तुम्ही गेलात आणि एका दुपारी निकाल घेऊन आलात.”

खोली अर्धी पांढरी राहिली. जहाज तोवर निघालं होतं, त्यामुळे येऊ नको म्हणून कळवायची सोय नव्हती. आयपर्लेंनी एवढंच सांगितलं की ते स्टेशनवर जाणार नाहीत, आणि पाहुण्यासाठी गावात हॉटेल आहे.

वीस मेला श्यामकांतच स्टेशनवर गेला. जाताना सबंध उतारभर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. त्याला स्वतःला मुंबईहून बोटीत जागा मिळायला चार महिने लागले होते. १९४८मध्ये तर जगातली निम्मी माणसं जहाजांच्या रांगेत होती. शनिवारी मॅच आणि गुरुवारी जहाज, मग तिकीट काढलं कधी? आठवड्यात मिळणारी ती गोष्ट नव्हे. ही शंका आपल्याला आधी का आली नाही, याचं त्याला आश्चर्य वाटलं. बरोबर कोण ते एकदा ठरलं की आपण हिशेब तपासत नाही.

गाडीतून उतरलेला माणूस थोरल्याहून बुटका, उन्हानं रापलेला होता. हातात एकच बॅग.

“गोटलोब आजारी आहे?”

“नाही.”

“मग रागावलाय,” इमानुएल म्हणाला, आणि बॅग दुसऱ्या हातात घेतली. “चला. रागाची मला सवय आहे, चढ असेल तर सांगा.”

आयपर्ले स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. उठले नाहीत. इमानुएलनं टोपी काढली, ती ठेवायला जागा शोधली, आणि हातातच धरून उभ्यानंच बोलायला सुरुवात केली.

“बोलायचं नाही असं तू लिहिलंस. मी तेवढ्यासाठीच आलोय, तेव्हा बोलणार. त्या शनिवारी तुझे जिंकले. मी यायला हवं होतं. डोरोथीशी लग्न करायचं होतं, मी आलो नाही. ती होती तोवर हे मोठ्यानं बोलता आलं नसतं. झालं.”

श्यामकांत दारात होता. एक प्रश्न त्याच्या जिभेवर होता, आणि तो विचारला तर सगळं फिटेल किंवा सगळं मोडेल हे त्याला दिसत होतं. मागच्या वेळी असंच कुणी न विचारता बोलल्याचं फळ खोलीच्या अर्ध्या भिंतीवर होतं. तो गप्प राहिला.

आयपर्ले उठले. कपाटाच्या तळच्या खणातून त्यांनी एक पिवळा पडलेला कागद काढला आणि टेबलावर भावाच्या बाजूला सरकवला. जहाज कंपनीची पावती होती. इमानुएलनं चष्मा लावला. वाचायला त्याला फार वेळ लागला, कारण त्यानं ती दोनदा वाचली.

“ऑगस्ट,” तो म्हणाला.

“हो.”

“हात मिळवले ते सप्टेंबरात.”

“अगदी बरोबर.”

“म्हणजे आपण मॅच पाहत होतो तेव्हा हे—”

“कोटाच्या आतल्या खिशात.”

“आणि एसेंडन जिंकलं असतं तर?”

“इमानुएल,” आयपर्ले म्हणाले, “तिकीट खिशातच होतं.”

इमानुएल खुर्चीत बसला. आधी त्याचे खांदे हलले, मग आवाज आला, आणि श्यामकांतला क्षणभर कळेना की हे हसणं आहे की दुसरं काही. हसणंच होतं. “सत्तावीसदा त्यांचा नेम चुकला,” तो म्हणाला, “आणि मी प्रत्येक वेळी देवाला हाक मारत होतो! तुझ्या खिशावर हात ठेवला असता तर काम झालं असतं.”

“तू तरी कुठे आलास?”

“नाही आलो.”

“मग?”

“मग बरोबरी,” इमानुएल म्हणाला.

आयपर्लेंनी त्यावर विचार केला. श्यामकांतकडे एकदा पाहिलं, पण यावेळी नियम विचारला नाही. ते जिन्यात गेले. त्या दिवशी शनिवार होता. दुपारी स्टेशनवर जायच्या आधी झाडून श्यामकांतनं पाटी खाली आणून लावली होती. आयपर्लेंनी ती स्वतःच्या दारावरून काढली आणि अर्ध्या रंगवलेल्या खोलीच्या दारावर लावली. तिथं खिळा नव्हता. त्यांनी हातोडी आणून तो ठोकला.

“हे काय?” इमानुएलनं विचारलं.

“जिना, अंगण आणि रस्ता. पुढच्या शनिवारपर्यंत तुझ्याकडे.”

“मी चौदा दिवसांसाठी आलोय, गोटलोब. आणि पाहुणा आहे.”

“पाहुणे हॉटेलात उतरतात.”

पुढच्या शनिवारी दुपारी श्यामकांतनं खिडकीतून पाहिलं. धुकं केव्हाच विरलं होतं, मळ्याचा उतार उन्हात नदीपर्यंत मोकळा पडला होता. खाली रस्त्यावर इमानुएल झाडत होता. थोरला फाटकाशी उभा राहून त्याला राहिलेल्या जागा दाखवत होता. धाकटा मुद्दाम त्या सोडून पुढे जात होता. बराच वेळ असं चाललं. मग थोरल्यानं आत जाऊन दुसरा झाडू आणला.