घुबडांचा पूर्ण पत्ता

पुंडलिकनगरचे मुकुंद पाठक जन्मभर पोस्टात होते. अर्धवट पत्ता दिसला की त्यांचं डोकं उठायचं. रिटायर झाल्यावर दुर्बीण घेतली, रानोमाळ हिंडायला लागले आणि एका स्थानिक पेपरात दर रविवारी पक्ष्यांवर लिहायला लागले. मी मोर्चेवाला माणूस. झाड तोडलं की रस्त्यावर बसतो, पण त्या झाडावर कोण राहतं हे मला पाठककाकांच्या लेखांनी शिकवलं. चिमणीची धुळीतली अंघोळ ते अशी लिहायचे, की वाचणारा भर बाजारात थांबून चिमणी बघत राहायचा.

दिवाळीच्या तोंडावर त्यांनी गव्हाणी घुबडावर लिहिलं. पांढऱ्या तोंडाची पिल्लं माणूस दिसला की कशी माना डोलवतात, कशी फुसफुसतात. लेख झकास. आणि खाली, सवयीनं, पूर्ण पत्ता: पाचोड, बाजारतळाच्या मागं, रामकिसनची पडकी विहीर, पूर्वेची कपार.

मंगळवारी काकांचा फोन. आवाजात खुशी मावत नव्हती. "अरे, काल एक वाचक घरी आला होता! पेढे घेऊन. पाया पडला. काय बारकाईनं विचारत होता! नखं केवढी, वजन किती..."

"काका, वजन कोण विचारतं? खाटीक!" माझं टाळकं सरकलं. "अमावस्या आलीय. घुबडाचा बळी देऊन लक्ष्मी घरात कोंडणारे हरामखोर आपल्याच शहरात बंगल्यात राहतात. अन् तुम्ही वजन सांगितलं?"

 "सांगितलं रे," काका म्हणाले.

तसेच निघालो. काकांना गाडीवर मागं घेऊन पाचोड गाठलं. विहिरीजवळ रामकिसन शेळ्या चारत होता.

"उशीर केला की साहेब," तो हसला. "तुमचा माणूस सकाळीच आलता. तुमचा लेख दाखवला, मग मीच शिडी दिली. पिल्लं पिशवीत घालून नेली. म्हणला, पाठकसाहेबांनी दवाखान्यात न्यायला सांगितलंय."

"तो माझा माणूस नाही," काका म्हणाले.

रामकिसनचं हसू जिरलं. "नाय? अन् मादी लई चवताळली म्हणून जाळं आणाया गेलाय तो. येईलच आता."

मी दगड उचलून रस्त्याकडं तोंड करून उभा राहिलो. काका विहिरीच्या काठावर गेले, ढेकूळ उचललं आणि थेट कपारीवर हाणलं. ज्या माणसानं गल्लीतल्या पोरांच्या बेचक्या हिसकावून घेतल्या, तो रडत रडत ढेकळं मारत होता. "ऊठ बाई, ऊठ. जा इथून."

शेवटी ती भर दुपारच्या उन्हात बाहेर आली. तिच्या पंखांचा आवाज नव्हताच; कावळ्यांचा होता. ते तिच्यावर तुटून पडले. वाकडीतिकडी उडत ती हाकेच्या अंतरावर एका बाभळीवर टेकली आणि मान वळवून कपारीकडंच बघत राहिली.

"हिला अजून लांब घालवायला पाहिजे," म्हणत काका कपाशीतून धावत सुटले.

पाचोडच्या रस्त्यावर धूळ उठली होती. एक नाही, दोन गाड्या होत्या.