पाटावरचे ड्रिल

दसऱ्याच्या सकाळी आमच्या पुढच्या खोलीत माझा विज्ञानाचा वर्ग सुरू व्हायचा होता आणि त्याआधी भिंतीवर फळा बसायला हवा होता. एमएस्सी करून मी गेवराईला परतले होते, ती याच इराद्याने. सुतार सणाच्या कामांत अडकलेला. तेव्हा ड्रिल विकतच घ्यावे, असे मी ठरवले.

बाजार खुला झाल्यापासून औरंगाबादेत परदेशी अवजारे मिळू लागली होती. दुकानदाराने एक वायरचे आणि एक बॅटरीचे ड्रिल पुढे ठेवले. किराणा तोलण्यात हयात गेलेल्या वडिलांनी दोन्ही हातांत तोलून जड ते चांगले, असा निकाल दिला. मी म्हटले, वजन हा निकष नव्हे. आपल्याकडे वीज बहुतेक वेळ नसते आणि विटांच्या भिंतीला बॅटरीचा जोर पुरतो.

"वायरच न्हाई, तर जोर येणार कुठून?"

दुकानदाराने विटेत भोक पाडून दाखवले. आम्ही बॅटरीचेच ड्रिल घेतले. वडिलांना पटले मात्र नाही.

खंडेनवमीला दुपारी वीज आली की बॅटरी भरायची, असा माझा हिशेब होता. त्यात आई धरलेली नव्हती. तिने तराजू, विळी आणि अडकित्त्याच्या रांगेत ड्रिललाही हळदकुंकू लावून पाटावर मांडले होते. पूजेतले अवजार दसऱ्यापर्यंत जागचे हलत नाही आणि दसऱ्याच्या सकाळी भारनियमनामुळे वीज नसणार होती. फळ्याशिवाय वर्ग कसा उघडायचा, हे मी तिला तपशीलवार समजावले.

"अवजार हलवायचं न्हाई, एवढंच हाय," ती म्हणाली. "वायर त्याच्यापाशी न्यायला तुला कुणी धरलंय?"

चार्जरची पिन थेट ड्रिलच्या मुठीत बसत होती. वडिलांच्या किराणा दुकानातला लांब वायरचा बोर्ड आणला. आईने चार्जरलाही कुंकू लावले. वीज आली आणि समईशेजारी लाल दिवा लागला. यंदा देवी मीटरवर चालली, असे म्हणत वडील दिवा विझला नाही ना, हे पाहायला वारंवार येत राहिले.

दसऱ्याच्या सकाळी पाटावरची पूजा उचलल्यावर वडिलांनी माझ्या आधी ड्रिल उचलले. मी खुणा करून दिल्या, त्यांनी भोके पाडली. फळा बसला. मुले सतरंजीवर बसली, तरी टोपीवर विटेची भुकटी घेऊन ते दारात उभेच होते. आणखी कुठे भोक लागेल का, असे विचारत होते. वर्ग सुटेपर्यंत थांबा, असे त्यांना सांगून मी खडू उचलला.